चपलेतला खडा

भुसावळ
१८ डिसेंबर

प्रिय दोस्ता,

परवा मनुदेवीच्या वाटेवर तू तीनदा थांबलास. दोनदा चपलेत खडा गेला म्हणालास, तिसऱ्यांदा काहीच बोलला नाहीस. मी लक्ष नसल्यासारखं केलं, कारण दोन वर्षांपूर्वी असले खडे माझ्याही चपलेत जायचे. वहिनींसमोर बोलणं बरं दिसलं नसतं आणि फोनवर तू "हो हो" करत विषय केळीच्या भावावर नेतोस. म्हणून हे पत्र.

आधी बिडी सोडायच्या शपथेचं सांगतो. मी कानबाई देवीसमोर दोनदा घेतली, पोराच्या डोक्यावर हात ठेवून एकदा. त्यातली जास्तीत जास्त टिकली ती ११ दिवस. शपथ मोडली की माणूस बिडी ओढतो ती ओढतोच, वर घरात तोंड चुकवत फिरतो. तू शपथेच्या भानगडीत पडूच नकोस.

शेवटी मी एक खुळ्यासारखं काम केलं. खिशात छोटी वही ठेवली आणि आठवडाभर प्रत्येक बिडीआधी वेळ आणि कारण लिहिलं. दिवसाला २२ भरल्या. खरी तलफ पाच-सहांचीच: उठल्याउठल्याची, जेवणानंतरची, रात्रपाळीत तीनच्या चहाबरोबरची. बाकीच्या कोणी पुढे केली म्हणून, गाडी लेट आहे म्हणून, साहेब ओरडला म्हणून. एका ठिकाणी तर कारण लिहिलंय, "वही सापडत नव्हती". आधी त्या फुकटच्या बिड्या बंद केल्या, मग तारीख ठरवून बाकीच्या एकदम.

तुझी वही न बघताच सांगतो. रात्रीची लाईट आली, मोटार सुरू केली, बांधावर टेकलास की दोन. सोबत थर्मासमधला चहा. तो थर्मास महिनाभर घरी राहू दे. तसंही बिडी सुटल्यावर चहाचं कॅफिन अंगात जास्त वेळ टिकतं. मला कोणी हे सांगितलं नव्हतं. आठ दिवस छताकडे बघत पडलो, मग चहा निम्म्यावर आणला तेव्हा झोप लागली. आणि ज्या खिशात बंडल असतं त्याच खिशात शेंगदाणे ठेव. हात सवयीने तिथे जाणारच.

तलफ काही मिनिटांची असते. आपल्या फलाटावरून मालगाडी जाते ना, डबे संपतच नाहीत असं वाटतं आणि मग एकदम पलीकडचा फलाट दिसतो, तसं. तेवढा वेळ उठून चाल, पाणी पी, पाइप कुठे गळतोय का ते बघ.

मेडिकलमध्ये निकोटिनची गोळी मिळते, च्युइंगमसारखी, २ मिलिग्रॅमची. मी ती पहिल्या दिवशी पोरांसारखी कचाकचा चावली आणि उचक्या लागून पोटात आग पडली. हळू चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गालाच्या कोपऱ्यात दाबून ठेवायची, झिणझिण्या गेल्या की परत चावायची. एक गोळी अर्धा तास. चहा घेतल्यावर पंधरा मिनिटं तरी थांबायचं. तुला बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार. त्यांच्या चिठ्ठीवर दुसरी औषधंही मिळतात. आणि १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर आहे, तंबाखूच्या पाकिटावर छापलेला. मी इतकी वर्षं त्याच्यावर अंगठा ठेवून बंडल फोडत होतो.

"सिगारेट वाईट, बिडी म्हणजे नुसतं झाडाचं पान," हे मला परत ऐकवू नकोस. टेंभुर्णीचं पान विझू नये म्हणून जोरात आणि सारखे झुरके मारावे लागतात. धूर छातीत जास्त जातो, कमी नाही. आणि आपल्याकडची खास युक्ती, बिडी सोडून पुडी धरायची, तीही नको. निकोटिन तेच, फक्त फुप्फुसाऐवजी गालफडाची वाट लागते.

पहिले तीन दिवस वाईट जातात. मी घरात सगळ्यांवर खेकसलो, अगदी दूधवाल्यावरसुद्धा. वहिनींना आधीच सांगून ठेव. पोट साफ होत नाही, भूक खवळते. खोकला तर वाढला, म्हटलं बिडीच बरी होती! पण छाती साफ व्हायला लागली की काही दिवस कफ असा सुटतो. तीन-चार आठवड्यांत बाकीचं बरंच निवळलं. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो असं डॉक्टर म्हणाले. मला मात्र पुलाच्या पायऱ्या एका दमात चढलो त्या दिवशी पटलं.

आणि हो, मी एकदा घसरलोही. भरीत पार्टीत, जेवण झाल्यावर, तुझ्याच शेतात. बिडी तूच पुढे केली होतीस! पुढचे तीन दिवस पाच-पाच झाल्या. चौथ्या दिवशी वही परत काढली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

रविवारी येतोय. बामणोदची वांगी आणून ठेव, कळण्याच्या भाकरीचं वहिनींना सांग. वांगी भाजायला काड्या गोळा कर, पण पेटवू नकोस. आगपेटी मी आणतो आणि जाताना परत नेतो.

तुझाच,
शाळेतला बाकसोबती