बिघडलेल्या जॉबचं कपाट

महोदय,

आयटीआयमध्ये नवी यंत्रं आली, कंपन्यांशी करार झाले, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचतो. आनंद वाटतो. पण वर्कशॉपमध्ये मुलांना शिकवायचं कसं, यावर कोणी अभ्यास करतंय, असं काही वाचनात येत नाही. फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक, म्हणजे वर्कशॉपमधला शिक्षक, म्हणून २६ वर्षं काढून निवृत्त झालो, म्हणून लिहावंसं वाटलं.

फिटरच्या मुलांचे सुरुवातीचे बरेच दिवस कानस मारण्यात, म्हणजे धातू घासून सपाट करण्यात जातात. हात डुलला की जॉब, म्हणजे घडवायला दिलेला धातूचा तुकडा, मधोमध फुगीर राहतो आणि कडा उतरतात. काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरला की टोकांना फट दिसते. 'कानस सपाट चालव' असं मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो. एकदा एका मुलीनं मैत्रिणीच्या हातात मोबाइल दिला आणि बाजूनं शूटिंग करून घेतलं. कानस पुढे जाताना आपलं कोपर वर उचललं जातंय, हे तिचं तिलाच दिसलं. चार दिवसांत हात बसला. पुढे प्रत्येक बॅचला मी हेच करायला लावलं.

दुसरा प्रयोग कपाटाचा. बिघडलेले जॉब भंगारात न टाकता आम्ही ते मांडून ठेवायचो. ज्याचा जॉब, त्यानंच चिठ्ठी लिहायची. 'व्हर्निअरचा शून्य न बघता माप घेतलं.' 'हॅकसॉ रेषेवरच चालवली, कानस मारायला जागा उरली नाही.' नवी मुलं आधी हे कपाट बघत. चुका कमी झाल्यासारखं वाटायचं, पण नुसतं वाटून काय उपयोग? वीस-वीस मुलांच्या दोन बॅच ताडून बघाव्यात, वर्षभर नोंदी ठेवाव्यात म्हणून परवानगी मागितली. 'आधी अभ्यासक्रम वेळेत संपवा,' एवढंच उत्तर मिळालं.

आमच्या सीआयटीएस, म्हणजे निदेशकांसाठीच्या, प्रशिक्षणात शिकवण्याच्या पद्धतीचा विषय होता. त्यानंतर नोकरीभर त्याबद्दल कोणी विचारलं नाही. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांतही नव्या पोराला मशिनवर उभं करण्याची प्रत्येक जुन्या फोरमनची आपली एक रीत असते. तीही कुठे लिहिलेली नाही.

रतन टाटा महाराष्ट्र राज्य कौशल्य विद्यापीठानं हे काम हाती घ्यावं, अशी कळकळीची विनंती आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या निदेशकांना आठवड्याचे दोन-तीन तास अभ्यासासाठी मोकळे द्यावेत, नोंदी मराठीतच लिहू द्याव्यात आणि आकडेवारी कशी तपासायची हे शिकवणारा माणूस सोबत द्यावा. पैशांपेक्षा वेळ आणि परवानगी जास्त लागेल.

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात ते कपाट रिकामं झालं. त्यातले सात जॉब, चिठ्ठ्यांसकट, मी घरी आणून ठेवले आहेत. कोणाला अभ्यासासाठी हवे असतील तर आनंदानं देईन.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, कळवा (ठाणे)