पान तपासता, पण खुंट कोण विचारतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेती पुरवणीत सफरचंदाच्या पानांतल्या अन्नद्रव्यांवर लेख आला होता. नागपुरात सफरचंदाचं काय करायचं म्हणून बऱ्याच जणांनी तो वाचलाच नसेल, पण माझ्या मते त्यात काटोल, नरखेड, वरूडच्या संत्रावाल्यांच्या कामाचं बरंच होतं.

सफरचंदाच्या कोवळ्या पानात नत्र, स्फुरद, पालाश भरपूर असतं, पान जून होत जातं तसं ते उतरत जातं, काही फळाकडे जातं आणि काही पानाचं वजन वाढल्यामुळे टक्केवारीच खाली येते, पण कॅल्शियमचं एकदम उलटं, ते पाण्यासोबत वर येतं आणि पानातच बसून राहतं, म्हणून शेवटपर्यंत वाढतच असतं. त्यामुळे हिमाचल, काश्मीरवाले झाडाला काय कमी पडतंय ते प्रयोगशाळेत तपासायला जुलै-ऑगस्टमध्ये त्या वर्षीच्या फुटीच्या मधलं पान घेतात, तेव्हा आकडे जरा स्थिर असतात. तेच पान मे महिन्यात तोडलं तर नत्र भरपूर दिसेल आणि ऑक्टोबरमध्ये तोडलं तर झाड उपाशी दिसेल!

आपल्याकडे तर याहून मोठा घोळ आहे. सफरचंदाची पानगळ होते, म्हणजे झाडावरची सगळी पानं त्याच वर्षीची, संत्रा मात्र सदा हिरवा, एकाच फांदीवर आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या) नवती म्हणजे नवी पालवी, मृग बहाराची (पावसाळ्यातली) नवती आणि वर मागच्या वर्षीची जून पानं, आणि आपण मजुराला सांगतो जा भाऊ, मूठभर पानं तोडून आण. खरं तर बिनफळाच्या फांदीचं, शेंड्याकडून दुसरं ते चौथं, सहा-सात महिन्यांचं पान पाहिजे, आंबियासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर आणि मृगासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारल्यावर लगेच पानं पाठवली तर तांबं किती निघेल ते विचारूच नका.

दुसरं म्हणजे खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात ते. सफरचंदात जात तीच ठेवून खुंट एम-९ या जातीचा बदलून एमएम-१०६ केला तरी पानातलं पालाश, मॅग्नेशियम, कॅल्शियम बदलू शकतं, कारण जमिनीतून उचलणारी मुळं खुंटाची असतात. आपल्याकडे संत्र्याला खुंट म्हणून जंबेरी आणि रंगपूर लाईम ही लिंबाच्या वर्गातली झाडं वापरतात. जंबेरी जोमानं वाढते पण मुळं सडवणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला लवकर बळी पडते, मुळं सडली की पानात जस्त, लोह कमी येतं, मग शेतकरी फवारण्यांवर पैसा घालतो आणि दुखणं राहतं मुळाशीच. चुनखडीच्या जमिनीत रंगपूर लाईम त्यामानानं बरा टिकतो.

आणि हे सगळं असताना एका प्रयोगशाळेच्या फॉर्मवर मला काय दिसलं, तर नाव, गाव, मोबाईल आणि पीक: संत्रा, बस्स! बहार नाही, पानाचं वय नाही, खुंट तर नाहीच, मग रिपोर्टमधलं "कमी" आणि "जास्त" कशाच्या हिशेबानं लिहितात? रोपवाटिकेत विचारलं तर "चांगल्या खुंटावरची कलम आहे" एवढंच उत्तर.

माझं म्हणणं एवढंच की फॉर्मवर हे तीन रकाने टाकावे, आणि कलमेच्या पावतीवर खुंटाचं नाव लिहिणं सक्तीचं करावं. इथे नागपुरातच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, त्यांच्या शास्त्रज्ञांकडून पानं कशी घ्यायची ते फोटोसकट लिहून घेऊन तुम्ही पुरवणीत छापा, फक्त ऑगस्टच्या आधी छापा.

आपला,
एक संत्रा बागायतदार, नागपूर