रामबागेतल्या वकीलकाकूंना

आदरणीय काकू,

धाकट्याची वकिलीची सनद आली. फोनवर कळवलं होतं, पण तेव्हा मला धड बोलताच येईना. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच.

कॉलेजात असताना तो चोरीच्या एका प्रकरणात सापडला. कोर्टाने दोषी धरलं, पण तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. पुढे एलएल.बी. झाला, सनदेसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. तुमच्याआधी ज्या वकीलसाहेबांकडे गेलो त्यांनी फी आधी मोजून घेतली. मग म्हणाले, "नैतिक अधःपतनाचा गुन्हा आहे, कलम 24अ आडवं येतं. सियागंजच्या बाजारात कुठेतरी चिकटवून द्या त्याला." 1961च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधलं तेच 24अ तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत. 1958च्या प्रोबेशन कायद्याखाली ज्याला सोडलं त्याला ही बंदी लागू नाही, हे त्याच कलमात छापलंय! साहेबांचा चष्मा बहुधा पहिल्या ओळीपुरताच असावा. अपिलाचं बाकी सगळं तुम्ही जाणे. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही तो किल्ल्यांचा जुडगा. पहिल्याच दिवशी तुम्ही तो कमरेचा काढून त्याच्या हातात दिलात. "आतलं कपाट उघड, वरच्या खणातून कोरे कागद आण. तिथल्याच डब्यातून झेरॉक्सला पैसे घे." आणि निकालाच्या नकलेत पुन्हा डोकं घातलंत. काकू, आमच्याकडे हा खोलीत आला की आत्या सोफ्यावरची पर्स मांडीवर घेते. लग्नकार्यात अहेराच्या पाकिटांपाशी त्याला कुणी बसवत नाही. कपाटाशी तो जरा वेळ नुसताच उभा होता. झेरॉक्स करून आला आणि उरलेली चिल्लर तुमच्यापुढे मोजायला लागला, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, "डब्यात टाक रे, मध्येमध्ये करू नकोस."

तुम्हाला हे आठवतही नसेल. आपल्या इंदुरात सत्कारांना तोटा नाही, शाल-श्रीफळ घेतलेल्यांचे फोटोही छापून येतात. त्यांच्यातल्या कितीजणांनी अशा मुलाला कपाट उघडायला सांगितलं असतं?

फीचं "बघू नंतर" म्हणत तुम्ही टाळत आलात. गुरुवारी तो पाकीट आणि आईच्या हातच्या अनारशांचा डबा घेऊन येतोय. डबा तुम्ही ठेवून घ्यालच, पाकीटही परत पाठवू नका.

तुमची,
धाकट्याची ताई