जिद्दीचा रकाना

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’वरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी सिनेमा पाहिला आहे, असं सौजन्य म्हणून धरून चालतो. पण मग अर्ध्या पानात ‘मराठमोळ्या आईचा त्याग’ एवढंच कसं उरलं? सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअर वापरणाऱ्या नायिकेची, लैलाची आई मराठी आहे आणि रेवतीने ती झकास उभी केली आहे, कबूल. सिनेमा मात्र लैलाचा आहे. बॅण्डसाठी गाणी लिहिणारी, त्यातल्या गाणाऱ्या पोरावर भाळणारी, नकार पचवून न्यूयॉर्कला जाणारी, तिथे खानुम या तरुणीच्या प्रेमात पडणारी लैला. हे सगळं ‘काही धाडसी दृश्ये’ म्हणून उरकलं. लॅपटॉपवर आपण काय पाहिलं हे आईने तपासलं म्हणून लैला तिच्यावर भडकते, तेही त्यागाच्या चौकटीत बसत नसावं.

आणि बक्षिसाच्या प्रसंगावर अवाक्षर नाही! लैलाच्या बॅण्डला पहिलं बक्षीस मिळतं आणि मंचावरच्या बाई सांगतात की गाणं एका अपंग मुलीने लिहिलंय हे कळल्यावर बक्षीस द्यावंच लागलं. वर माइक तिच्यापुढे धरून अनुभव सांगायचा आग्रह. ती मधलं बोट दाखवते. दिग्दर्शिका शोनाली बोस यांनी २०१५ साली आपल्याकडे पडद्यावर आणलेला हा प्रसंग मला तोंडपाठ आहे, कारण तो माझ्यावर गुदरलेला आहे.

मी लहानपणापासून कुबड्या वापरतो आणि गातो. आमच्याकडच्या एका गायन स्पर्धेत भीमपलास गायलो. निवेदकाने ओळख अशी काही करून दिली की मी षड्ज लावायच्या आधीच सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. तबलजी माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी ‘विशेष प्रोत्साहनपर’ पारितोषिक. नंतर गुणपत्रिका मागून घेतली. इतरांच्या पत्रिकेत सूर, ताल, आलाप, ताना असे रकाने भरलेले, ‘मध्यम स्वर जरा चढा’ वगैरे शेरेही होते. माझे रकाने कोरे आणि त्यांवरून तिरपं लिहिलेलं, ‘जिद्दीला सलाम!’ हे कोणत्या रकान्यात धरायचं, असं परीक्षकांना विचारलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वय तेव्हा माझं चाळिशीच्या पुढे. लैलाचा मार्ग सुचला होता, पण दोन्ही हातांत कुबड्या होत्या.

सई परांजपे यांनी १९८० च्या ‘स्पर्श’मध्ये अंधशाळेच्या मुख्याध्यापकाकडून हेच बजावून घेतलं होतं की मदत करा, कीव नको. आपल्या लेखात ती भूमिका करणाऱ्या नसीरुद्दीनचा फोटो आहे, हे वाक्य नाही.

जाता जाता. आमच्या नाट्यगृहाला रॅम्प आहे, पण स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या आहेत आणि तिथे कठडाही नाही. हे मी आपल्याला पूर्वी सविस्तर लिहून पाठवलं होतं. ‘जागेअभावी’ छापता आलं नाही, असं कळवण्यात आलं. कालच्या लेखाला अर्धं पान मिळालं, शिवाय फोटो.

हे पत्र छापलंत तर कृपया माझ्याबद्दल चौकटीत काही लिहू नये. मध्यम चढा लागला होता का, एवढं त्या परीक्षकांनी अजूनही कळवलं तर आभारी राहीन.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा