सा हरवला म्हणजे गणित सुरू झालं असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावर लेख होता, त्यात एटोनल म्हणजे गणित करून बनवलेलं कोरडं संगीत असं ठोकून दिलंय. अहो, ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली. एटोनल म्हणजे एवढंच की कुठलाच स्वर सा नाही, घरी परतायची ओढच नाही. आपल्या कानात तंबोरा कायम चालू म्हणून आपल्याला ते जास्तच टोचतं, मी पण पहिल्यांदा दहा मिनिटांत बंद केलं होतं. पण ऑस्ट्रियाच्या शोनबर्ग या संगीतकाराने १९०८-०९ ला हे सुरू केलं तेव्हा गणित कुठे होतं? एकाच बाईने गायचा 'एरवार्टुंग' हा ऑपेरा त्याने १९०९ मध्ये १७ दिवसांत लिहून काढला, सुचेल तसा!

गणित आलं १९२० नंतर, कारण शब्दांचा आधार नसला की नुसत्या सुचण्यावर मोठी रचना उभी राहीना. मग बारा स्वरांची एक ओळ लावायची, बाराही येऊन जाईपर्यंत साधारणपणे एकही परत घ्यायचा नाही, हेतू हा की कोणी चुकून सा होऊन बसू नये. ती ओळ सुलटी, शेवटाकडून उलटी, आरशातली (चढ तिथे उतार) आणि आरशातली उलटी, गुणिले बारा पट्ट्या, झाले ४८. संपलं गणित.

आपला 'संगीतरत्नाकर' लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात देवगिरीला म्हणजे आत्ताच्या दौलताबादला बसून सात स्वरांचे ५,०४० क्रम मोजत होता, वर अमक्या नंबरची तान कोणती हे सगळी यादी न लिहिता काढायची रीत पण देऊन गेला. त्यातलंच मेरुखंड, म्हणजे स्वरांचे क्रम पद्धतशीर बदलत जायची रीत, उस्ताद अमीर खांसाहेबांच्या गाण्यात भरलेलं आहे, त्यांच्या मारवा रागाला कोरडं म्हणून दाखवा! आणि मारव्यात सा किती वेळ टाळतात ते वेगळंच.

वाचकांनी शोनबर्गचा शिष्य अल्बान बर्गचा १९३५ चा व्हायोलिन कन्सर्टो जरूर ऐकावा, अठरा वर्षांची ओळखीतली मुलगी गेली तिच्या आठवणीत लिहिलेला. बारा स्वरांचीच ओळ, पण अशी लावलीय की त्यात व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा येतात आणि शेवटचे चार स्वर थेट जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या एका भजनाला जाऊन मिळतात. रडू येतं हो.

बाकी शोनबर्गला एटोनल हा शब्दच आवडायचा नाही, तुमच्या हेडलाइनवर तो पण चिडला असता.

- एक वाचक, पुणे