मारातल्या गाईडदादांना, गाडी मागे घेतल्याबद्दल

आदरणीय दादा,

असांते साना, म्हणजे तुमच्या स्वाहिलीत खूप खूप आभार. इंग्रजीतला निरोप तुम्हाला परतल्या परतल्या पाठवला होता. हे पत्र मात्र मुद्दाम मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहितेय. पुढच्या ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात निघणाऱ्या आमच्याकडच्या माणसांनी ते वाचावं, असं मनापासून वाटतं.

आधी आईबद्दल. तिचं वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे आणि लँड क्रूझरची पायरी उंच. पहिल्या दिवशी चढताना तिची झालेली ओढाताण तुम्ही पाहिलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीपाशी सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं क्रेट पालथं घालून ठेवलेलं होतं आणि त्यावर तुमची लाल चौकड्यांची शुका, म्हणजे मसाई अंगावर घेतात ती चादर, चारपदरी घडी करून. पाय सरकू नये म्हणून. त्यानंतर प्रत्येक वेळी आधी ते क्रेट खाली यायचं, मग आई. तुम्ही तिला 'मामा' म्हणायचात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, हे कळल्यावर ती किती वेळ हसत होती!

ती माण तालुक्यातली, गुराढोरांत वाढलेली. अभयारण्याच्या सेकेनानी गेटच्या अलीकडे तुमच्या मसाई गुराख्यांची गुरं दिसली तेव्हा "अगं, यांनाही वशिंड आहे की!" म्हणत तिने गाडी थांबवायला लावली. मग तुमचं दोघांचं जे सुरू झालं, ते चार दिवस संपलं नाही. गाई किती, दूध किती, दुष्काळात चारा कुठून आणता. वाइल्डबीस्ट या कळपाने चरणाऱ्या रानजनावरांचं स्थलांतरही तुम्ही तिला पावसाच्या हिशेबाने सांगितलंत. फेब्रुवारीच्या सुमारास शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला वासरं जन्मतात. तिथलं गवत वाळलं की दहा लाखांहून जास्त जनावरं चाऱ्यामागे उत्तरेला सरकत जुलै-ऑगस्टात माराला पोचतात. झेब्रे वरचं राठ गवत खातात आणि खालचं कोवळं वाइल्डबीस्टला मोकळं होतं. "आमचे मेंढपाळ निघतात तसंच," आई म्हणाली. मी दुभाषाचं काम करत होते, पण बऱ्याचदा माझी गरजच पडली नाही. नदी ओलांडणारा कळप आम्हाला दिसला नाही. दोन तास काठावर घुटमळून तो माघारी फिरला. त्याची मला खंत नाही.

खरे आभार मानायचेत ते तिसऱ्या दिवसाचे.

वाळवीच्या वारुळावर चित्त्याची मादी उभी होती, खाली गवतात तीन पिल्लं. त्यांच्या पाठीवर राखाडी केसांची झूल. मादी त्यांना हाक मारत होती ती पाखरासारखी, चिवचिव करत. आमच्या देशातून चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं तेव्हा आई तान्ही होती. आता कुनोत आहेत तेही तुमच्याच खंडातून आणलेल्या चित्त्यांमुळे. तेव्हा माझा जीव किती गोळा झाला असेल, याची तुम्हाला कल्पना असेलच.

तिथे पाच गाड्या आधीच उभ्या होत्या. पाचांच्या वर गाड्या नकोत, हा नियम तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितला होता. तरी मी म्हणाले, इतक्या लांबून आलोय, जरा पुढे घ्या. बक्षिशीचं काय ते बघू, असंही म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिला शिकार करायची आहे," आणि गाडी मागे घेतलीत. मागून आलेल्या दोन गाड्या आमच्यासमोरून पुढे गेल्या. मी दिवसभर तुमच्याशी धड बोलले नाही. त्याबद्दल माफी मागते.

रात्री जेवणानंतर तुम्ही समजावलंत. सिंह आणि तरस यांना टाळून चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून तोच आमच्या गर्दीत सापडतो. गाड्या मधे आल्या की हरणं सावध होतात, पिल्लं आईपासून तुटतात. घरी आल्यावर मी शोधून वाचलं. मारातल्याच चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झालाय. पर्यटक कमी असलेल्या भागात मादीची दर वेताला सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी झाली, गर्दीच्या भागात ०.२. तो आकडा वाचला आणि त्या गवतातली तीन पिल्लं डोळ्यांसमोर आली.

गिऱ्हाईक नाराज झालं तर तुमच्या घरात येणारे पैसे कमी होतात. हे माहीत असूनही तुम्ही मागे सरलात, आणि मला एका शब्दानेही दुखावलं नाहीत. आमच्याकडून जाणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, गाईड थांबला तर त्याला थांबू द्या. त्या दिवशी त्याला जास्त बक्षिशी द्या.

लांबच्या चढावरून तुम्ही आईच्या हातात दुर्बीण दिली होतीत. मादी उतरून पलीकडे निघाली, तेव्हा तिच्यामागून जाणारी पिल्लं आईने मोठ्याने मोजली. एक, दोन, तीन. तुम्हीही तिच्याबरोबर मराठीत मोजलंत.

तुमच्याकडचा नोव्हेंबरचा पाऊस झाला की कळवा. आई रोज विचारते.

तुमची,
मामाची लेक