'मॉर्गेज'मधले मृत कोण? : एक आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

करारपत्राचा अनुवाद करताना 'मॉर्गेज' या शब्दाविषयी मी आपल्याला विचारले होते. 'गहाण' हा प्रतिशब्द हाताशी होताच. मला हवे होते ते मूळ. शब्दाच्या पूर्वार्धात जुन्या फ्रेंचमधील 'मृत' दडला आहे एवढे ऐकून, मरेपर्यंत फेडावे लागते ते मॉर्गेज, असे मी धरून चाललो होतो.

आपण ती समजूत शांतपणे दूर केलीत. उत्तरार्धातील 'गेज' म्हणजे तारण. तेव्हा मृत आहे ते तारण, कर्जदार नव्हे. हा 'गेज' फ्रेंचमध्ये जर्मानिक भाषांतून आला आणि वेतन या अर्थाचा इंग्रजी 'वेज' त्याचाच सख्खा भाऊ, हे कळले तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

तारण मृत का, याचे १५व्या शतकातील इंग्लिश न्यायाधीश थॉमस लिटलटन यांनी दिलेले आणि कायदेपंडित एडवर्ड कोक यांच्या १६२८ सालच्या भाष्यामुळे सर्वतोमुखी झालेले उत्तर आपण आधी सांगितलेत: मुदतीत पैसे न फेडल्यास जमीन ऋणकोला कायमची मेली, आणि फेडल्यास ते तारण धनकोच्या लेखी मेले. माझे समाधान तेवढ्यावरही झाले असते. पण आपण मला त्याही मागे, १२व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि ग्लॅनव्हिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्लिश कायद्यावरील लॅटिन ग्रंथापर्यंत नेलेत. तिथे जमिनीच्या उत्पन्नातून कर्ज फिटत जाते ते तारण निराळे, आणि उत्पन्न धनको घेत राहतो पण कर्ज तसूभरही कमी होत नाही ते 'मृत' तारण निराळे. राजाचे न्यायालय अशा व्यवहाराला मनाई करीत नसे, तरी त्याची गणना व्याजखोरीतच होई. मला हा जुना अर्थ अधिक पटतो, कारण त्यात ऋणकोवरचा अन्याय शब्दातच नोंदलेला आहे.

आजची फ्रेंच या व्यवहाराला ग्रीकमधून आलेला 'इपोतेक' हा शब्द वापरते, ही आपण जाता जाता सांगितलेली गोष्टही मी टिपून ठेवली आहे.

अनुवादात मी 'गहाण' हाच शब्द कायम ठेवला. आपण माझ्या एका शब्दासाठी इतका वेळ दिलात, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
एक अनुवादक